दवबिंदूची दुसरी चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आबासाहेब पेडगावकर, पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आलेले प्रमुख पाहुणे, वनस्पतिशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक डॉ. उद्धव गणपुले, प्राचार्य बन्सीधर मुळे, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका विमला सेलूकर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, जिंतूरकडून पहाटेची एस.टी. धरून आलेले आश्रुबा आणि सरजाबाई, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्या भाषणावर घड्याळ लावलेल्या माझ्या सौभाग्यवती लीलाबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना दीपस्तंभ म्हटलं, गंगा म्हटलं, एकानं तर चंदन म्हटलं. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना चंदन म्हणणं निदान विषयाला धरून झालं. मी सिताराम धारासूरकर, गणिताचा माणूस. मला अलंकार जमत नाहीत. प्राचार्यांनी मघाशी कानात सांगितलं, "धारासूरकर, थोडक्यात आवरा, आणि विनोद बेताचे." थोडक्यात आवरीन. विनोदांची हमी नाही.

निरोपाच्या दिवशी माणसाचा कंठ दाटून यावा अशी रीत आहे. पण मंडळी, खोटं कशाला बोलू? मला आज अगदी हायसं वाटतंय. बाई जाणार म्हणून नव्हे, गैरसमज नसावा. बाई ज्या अवस्थेत जाणार आहेत, त्यामुळे. गेल्या वर्षी याच सुमाराला कुणी मला या समारंभात बोलायला सांगितलं असतं, तर मी तब्येतीचं कारण काढून घरी बसलो असतो. का, ते सांगतो.

टेबलावर शाल आहे, श्रीफळ आहे. त्यांच्या पलीकडे दोन जाड पांढरे ताव ठेवलेत, ते मागच्यांना दिसतायत का? मघाशी आपल्या एका सहकाऱ्यांनी हार नेमका त्यांच्यावरच ठेवला आणि बाई अशा चपळाईनं उठल्या की या बाई निवृत्त व्हायला आल्यात यावर माझा विश्वास बसेना. असो. त्यांना हर्बेरियमचे नमुने म्हणतात. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी खुलासा करतो. रानातून रोप आणायचं, कागदांच्या घड्यांत घालायचं, लाकडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवून करकचून आवळायचं, रोज कागद बदलायचे, आणि रोप खडखडीत वाळलं की जाड तावावर दोऱ्यानं टाचायचं. खाली कोपऱ्यात लेबल: रोपाचं नाव काय, सापडलं कुठं, कधी, कुणाला. बस. यातलं एक जरी खोटं निघालं, तर वरचं रोप म्हणजे निव्वळ पालापाचोळा. हे माझं नव्हे, बाईंचं वाक्य आहे. मी बाईंच्या या नमुन्यांच्या कपाटाला आधीपासूनच पालापाचोळा म्हणत आलो, ते वेगळं.

आता या तावांवरचं रोप. दवबिंदू त्याचं नाव. बोटभर उंचीचं, गवतात लपणारं. पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्याला दव समजून बसतं आणि मग उठत नाही. पान हळूच त्याच्यावर वळतं आणि त्याला पचवून टाकतं. आमच्या स्टाफरूममध्येही अशी काही... नको, प्राचार्य बघायलेत.

तर गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. ते साल मराठवाड्यात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जे पेटलं, त्यात गावोगावी ज्यांची घरं जळाली, माणसं गेली, त्यांच्या दुःखापुढं आपलं कॉलेज बंद राहिलं ही काही सांगायची गोष्ट नाही. पण बंद होतं खरं. पुढं बस सुरू झाल्या तेव्हा बाई जिंतूरच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यात एकट्याच गेल्या. एरवी विद्यार्थ्यांचा तांडा बरोबर असायचा. त्या वेळी विद्यार्थी कुठून आणणार? माळाच्या एका उतारावर, मुरमातून पाणी झिरपत होतं तिथं, बाईंना दवबिंदू दिसला. आपल्या जिल्ह्यात हे रोप आहे अशी तोवर कुणाचीच नोंद नव्हती. काळ्या मातीचा हा मुलूख, इथं कापूस व्हावा, ज्वारी व्हावी. हे कोकणातलं, सह्याद्रीतलं रोप इथं कुठून? बाईंना किती आनंद झाला असेल! बाईंनी रोपं आणली, कागदात घातली आणि आवळली.

आणि इथं घोळ झाला. असा घोळ फक्त वनस्पतिशास्त्राच्या माणसांच्या हातून होऊ शकतो.

आपल्या विभागाला टीपकागद कधी पुरला आहे? अध्यक्षमहोदय, ही तक्रार नव्हे, केवळ ऐतिहासिक नोंद आहे. टीपकागद नसला की बाई रद्दी वापरायच्या. घरात आलेला कुठलाही छापील कागद बाई टाकत नसत. त्यांची धाकटी बहीण सुमनबाई दिलेली कोकणात, देवरुखला. उन्हाळ्यात तिच्याकडून आंब्याची पेटी यायची. आंबे आम्ही सर्वांनी खाल्ले, मीसुद्धा. पण आंब्यांभोवती गुंडाळलेले तिकडच्या साप्ताहिकाचे कागद बाईंनी इस्त्री केल्यासारखे सरळ करून ठेवले. आणि दवबिंदू नेमका त्यातल्याच एका कागदात गेला.

दुसरं रोप असतं तर काही बिघडलं नसतं. दुसऱ्या दिवशी कागद बदलला असता. पण हे पडलं चिकट. ते कागदाला असं बिलगलं की सोडवायला जावं तर पानं तुटू लागली. बाईंनी मग कात्री घेतली, रोपाभोवतीचा कागद कापला आणि कागदासकट रोप तावावर टाचलं. शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य, असं मला सांगण्यात आलं आहे. फक्त त्या कागदावर, रोपाच्या मुळाशी, ठळक अक्षरांत छापलेलं होतं, "देवरुख येथे भव्य भजनस्पर्धा".

हसा, हसा. आज हसायची सोय आहे. तेव्हा नव्हती.

पुढच्या वर्षी आपलं हर्बेरियम तपासायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. अत्यंत काटेकोर, अत्यंत विद्वान, आणि डोक्यावर तेव्हा आजच्यापेक्षा थोडे अधिक केस असलेले. डॉक्टरसाहेब, आपली परवानगी मी सकाळी चहाच्या वेळीच घेतली आहे, सबब आता मागं हटता येणार नाही. साहेबांनी भिंग लावलं. रोप बरोबर, नाव बरोबर. मग खाली नजर गेली. भजनस्पर्धा. साहेबांनी शांतपणे विचारलं, "बाई, देवरुखला आपलं कोणी असतं का?"

आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे, रद्दीचा कागद, कुठूनही आला असेल. पण आमच्या बाई! "हो, माझी बहीण असते," म्हणाल्या. एवढ्यावर थांबावं ना? "आणि गेल्या दिवाळीत तिच्या बाळंतपणाला मी तिकडं जाऊन आले," हेही सांगून टाकलं. दिवाळीत कोकणात हे रोप मिळू शकतं, हे साहेबांना ठाऊक. रोप कोकणातलं, कागद कोकणातला, बाई कोकणात जाऊन आलेल्या, आणि लेबल म्हणतं जिंतूर. पाहणारा दुसरा साक्षीदार नाही. मी गणिताचा माणूस, मलासुद्धा हे समीकरण दुसऱ्या कुठल्या रीतीनं सुटलं नसतं.

साहेबांनी ठरल्या पद्धतीप्रमाणं नमुन्यावर एक छोटी चिठ्ठी डकवली. "रोपाची ओळख बरोबर. स्थळ शंकास्पद." खाली सही आणि तारीख.

शब्द केवढे? पण त्या चिठ्ठीमुळे पुढं जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापली, त्यात दवबिंदू आला नाही. बाईंच्या बाकीच्या नोंदींकडेही लोक जरा मान तिरकी करून बघू लागले. आपल्या स्टाफरूममध्ये काही रिकामटेकड्यांनी "कोकणच्या बाई" असं नाव पाडलं. ती मंडळी आज सभागृहात आहेत आणि मी त्यांच्याकडं बघत नाहीये. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. मला वाटतं, त्या भांडल्या असत्या तर आम्हा सर्वांनाच बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "रोप पुन्हा दाखवीन."

पण दाखवणार कुठून? पावसाळा सरला आणि बाई माळावर गेल्या, तर तिथं पाझर तलावाचं काम निघालेलं. पाणी अडलं, लोकांचं कल्याण झालं, विहिरींना पाणी आलं, आणि तो झिरपणारा उतार नेमका तलावाच्या पोटात गेला. मग सुरू झालं शोधणं. भाद्रपद उलटला की दर रविवारी जिंतूरची बस, तिथून पुढची बस, आणि मग माळ. "बाई एकट्या हिंडतात, तुम्ही सोबतीला जा," असा हुकूम पहिल्या रांगेतून सुटला. माझे गुडघे, माझा रविवार, माझी दुपारची झोप, कशाचाही विचार झाला नाही. मी जात राहिलो. बाई वाकून गवत बघायच्या आणि मी सावली बघायचो.

तिथं माळाच्या कडेला आश्रुबांचं शेत. पहिल्या वर्षी आश्रुबांनी लांबून बघितलं. दुसऱ्या वर्षी जवळ आले. तिसऱ्या वर्षी त्यांना राहवेना. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, बाईचं काय हरवलंय? नथ का बोरमाळ?"

म्हटलं, "आश्रुबा, रोप आहे एक. बोटाएवढं."

आश्रुबांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच माझं बोलणं खोटं वाटलं. तेवढ्यात सरजाबाई म्हणाल्या, "आवो, सांगत न्हाईत ते. एवढं हिंडायलेत म्हंजी सोन्याचंच आसंल की. बाई, या, भाकर खावा. सापडंल, जातंय कुठं?" त्यानंतर दरसाल सरजाबाईंची भाकरी आणि ठेचा आम्ही खाल्ला. सरजाबाई, त्या ठेच्यासाठी तरी मी आपला जन्मभर ऋणी आहे. माझ्या घरात तसा होत नाही. हे वाक्य मी घरी गेल्यावर भोगीन.

वर्षं जात राहिली. आणि मंडळी, आता जरा गंभीर बोलतो. लोकांनी शंका घेतली, ते बाईंनी सोसलं. पण तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात बाई आणि लीला हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या, मी पलीकडं पेपर वाचत होतो. बाई एकदम म्हणाल्या, "लीला, मला आताशा वाटायलंय, माझंच तर चुकलं नसंल? दिवाळीत देवरुखहून मीच आणलं असंल आणि लेबल दुसरंच लागलं असंल. इतकी वर्षं झाली. मला तो उतार दिसतो, ते पाणी दिसतं. पण आपण रोज एकच गोष्ट आठवली की ती खरीच वाटायला लागते ना गं?"

लीला जवळ सरकली. तिनं बाईंच्या हातातलं सूप काढून घेतलं. मी पेपर खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पालापाचोळ्याची भीती वाटली. आपलं म्हणणं जगाला पटू नये, हे चालतं. आम्ही गणितवाले त्यावरच जगतो. पण आपलं म्हणणं आपल्यालाच पटेनासं व्हावं? ज्या बाईंनी लेबलावर कधी अंदाजानं एक शब्द लिहिला नाही, त्यांनी असं मनात घेऊन निवृत्त व्हायचं? त्या दिवसापासून मी सावली बघायची सोडली. मीही गवत बघायला लागलो. मला समजत काही नव्हतं, पण बघायला लागलो.

गेल्या वर्षीचा आश्विन. बाईंच्या नोकरीतला तो शेवटचा पावसाळा, त्यामुळे शोधायची ती शेवटची संधी. त्या दिवशी माझ्यामुळं पहिली बस चुकली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तलावाच्या पल्याड, दुसऱ्या टेकाडाच्या अंगाला आम्ही कधी फारसे गेलो नव्हतो, कारण तिकडं चढ आहे आणि चढाला माझा तात्त्विक विरोध आहे. बाई चढल्या, मग मलाही चढावं लागलं. अर्ध्यात माझा पाय घसरला आणि मी सपशेल बसलो. ओल्या मुरमात, पँटीसकट. उठायला हात टेकला तर हाताला डिंकासारखं काहीतरी लागलं. बघतो तो तळहाताला लालसर केस, थेंब, आणि त्यात अडकलेली एक मुंगी. सगळं गवत कोरडं ठणठणीत झालेलं आणि माझ्या बाजूला मात्र भर दुपारी दव!

मी हाक मारली. काय हाक मारली ते मला आठवत नाही. बाई सांगतात, मी नुसतंच "अहो, अहो" करत होतो.

बाई आल्या. खाली बसल्या. बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, "बघा, मी सांगत होते!" एवढी वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला तेवढा हक्क होता. पण बाई त्या रोपाकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मला आठवत होतं ते खरं होतं." आणि तिथंच, चिखलात, पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो. माझ्या रडण्याचं थोडं श्रेय गुडघ्याला द्यावं लागेल.

मग त्या एकदम ओरडल्या, "सर, आधी उठा! तुम्ही त्याच्यावर बसलाय!" तर मंडळी, या जिल्ह्यातल्या दवबिंदूच्या सर्वांत मोठ्या वस्तीपैकी निम्मी माझ्या वजनाखाली गतप्राण झाली, ही नोंद माझ्या नावावर आहे आणि तिच्या स्थळाबद्दल कुणीही शंका घेऊ शकणार नाही.

उरलेल्या रोपांपैकी एकही बाईंनी उपटलं नाही. "उपटलं की पुन्हा प्रश्न येईल कुठून आणलं म्हणून. ज्यांनी चिठ्ठी लावली त्यांनी जागेवर येऊन बघावं." जिंतूरच्या पोस्टातून पुण्याला तार केली: "रोप जागेवर आहे. उपटलेलं नाही. या." इकडं आश्रुबा येऊन बघून गेले. आधी रोपाकडं बघितलं, मग बाईंकडं. म्हणाले, "हे? एवढंसं?" मग म्हणाले, "बरं. साहेब येस्तोर माज्या शेरड्या हिकडं फिरकू देत न्हाई." आणि चार काटेरी फांद्या तोडून त्यांनी तिथं कुंपण घातलं. आश्रुबा, उभे राहा जरा. लोकांना दिसू द्या.

बसा, बसा. टाळ्या पुरेत, नाहीतर ते निवडणुकीला उभे राहतील.

आणि डॉक्टरसाहेब आले. निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढं, मनमाडला गाडी बदलून परभणी, मग एस.टी., मग दुसरी एस.टी., मग तो चढ. त्यांना न येता आलं असतं. एक पत्र टाकून मोकळं होता आलं असतं. ते आले, कुंपणाशी गुडघ्यावर बसले, खिशातून भिंग काढलं आणि एकेक पान निरखून बघितलं. मग भिंग मिटून म्हणाले, "बाई, मी तुमची माफी मागतो." बाई म्हणाल्या, "माफी राहू द्या साहेब, डाव्या पायाशी अजून एक आहे, तेवढं सांभाळा."

साहेबांच्या समोर बाईंनी दोन रोपं घेतली. या वेळी मेणकागदात. टेबलावरचा दुसरा ताव त्या रोपांचाच. नवी चिठ्ठी तेव्हाच लागायची, पण बाईंचा नियम आड आला. जुना ताव समोर ठेवून, नव्याशी ताडून बघितल्याशिवाय सही घ्यायची नाही, आणि नवा तर अजून वाळायचा होता. पुढं हिवाळ्यात साहेबांची प्रकृती बिघडली. त्यामुळे हे काम आजपर्यंत राहिलं.

आज सकाळी चहाच्या वेळी साहेबांनी दोन्ही ताव ताडून बघितले. नंतर माझ्या देखत ते बाईंना म्हणाले, "ती जुनी चिठ्ठी आता काढून टाकू. मला तिची लाज वाटते." बाई म्हणाल्या, "नाही साहेब. लावलेली चिठ्ठी काढायची नसते. आणि तुमचं तरी काय चुकलं होतं? कागद देवरुखचाच होता. दिसलं ते तुम्ही लिहिलं. आता दिसलं ते पुन्हा लिहा, शेजारी लावा. पुढं कुणी बघेल त्याला दोन्ही दिसू देत." मंडळी, ज्या दोन शब्दांनी या बाईंची झोप घालवली, त्यांनाही बाई घराबाहेर काढायला तयार नाहीत. आम्हाला एवढं मन कुठून आणायचं?

तर बाई, तुमच्याबद्दल मला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही आता सुखानं सेलूला राहा, देवरुखला जा, आंबे खा. कपाट मी सांभाळीन, त्याला पालापाचोळा म्हणणार नाही. रविवारी मी झोपणार आहे, त्याबद्दल मात्र माफ करा.

अध्यक्षमहोदय, आपण मला बोलू दिलंत आणि ठरल्यापेक्षा जास्त बोलू दिलंत, ही आपली मेहेरबानी. प्रमुख पाहुण्यांची मी भर सभेत थट्टा केली आणि त्यांनी ती हसून घेतली, त्यांना वंदन. सभागृहानं माझं ऐकलं, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर गणिताच्या माणसाला भाषणाची रीत माहीत नाही असं समजून पोटात घाला.

आता शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते होईलच. त्याआधी एक काम आहे. लीलानं सकाळीच मैद्याची खळ शिजवली आहे, ही वाटी. कोरी चिठ्ठी इथं आहे, पेन इथं आहे.

डॉक्टरसाहेब, या. काय लिहिता ते मोठ्यानं वाचून लिहा, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. आणि बाई, तुम्ही इकडं या, ताव तुम्हीच धरा.